परसातून दिसणारी कडी

लक्ष्मीपूजनाची रात्र ही अमावास्येची रात्र. पणत्या, आकाशकंदील आणि फटाके यांच्या गडबडीत त्या रात्री आकाशाकडे कोणी फारसे पाहत नाही. परंतु ज्याला अंधुक वस्तू पाहावयाच्या असतात त्याच्या दृष्टीने वर्षातील ही एक उत्तम रात्र होय. पाऊस संपून हवा धुतल्यासारखी झालेली असते आणि चंद्राचा अडथळा नसतो. संध्याकाळी सात-साडेसातच्या सुमारास वायव्येकडे तोंड करून उभे राहावे. बऱ्याच उंचीवर एक निळसर पांढरा, ठसठशीत तारा दिसतो. तो अभिजित. त्याच्या जवळच स्वरमंडल नावाच्या छोट्या तारकासमूहातील दोन बेताचे तारे आहेत. त्या दोघांच्या मध्ये, नुसत्या डोळ्यांना मुळीच न दिसणारी, धुराची एक कडी आकाशात लटकलेली आहे. ती इतकी लहान की चंद्रबिंबाच्या रुंदीत तशा वीसहून अधिक कड्या ओळीने मांडता येतील.

ही कडी म्हणजे एका म्हाताऱ्या ताऱ्याने अंगावरून उतरवून टाकलेले वस्त्र आहे. ताऱ्याचे जळण सरत आले की तो फुगतो, बाहेरचे थर अवकाशात सोडून देतो आणि आत उरतो तो पांढरा, अतितप्त गाभा. त्या गाभ्याच्या प्रखर किरणांनी भोवतालचा वायू उजळतो. दहा-वीस हजार वर्षांत तो वायू विरून जातो. ताऱ्याच्या आयुष्याच्या मानाने हा काळ म्हणजे विझत्या वातीची शेवटची फडफड! आपल्या सूर्याचीही सुमारे पाचशे कोटी वर्षांनी काहीशी अशीच गत व्हावयाची आहे. स्वरमंडलातील या कडीचा जो प्रकाश आज आपल्याला मिळतो तो तेथून निघाला त्याला सुमारे अडीच हजार वर्षे झाली. तेव्हा आपल्याकडे गौतम बुद्धांचा काळ होता.

या जातीच्या वस्तूंना इंग्रजीत जे नाव आहे त्याचा अर्थ ‘ग्रहासारखा तेजोमेघ’ असा होतो. मराठीत त्यांना बिंबाभ्रिकाही म्हणतात. ग्रहांशी त्यांचा काडीइतका संबंध नाही. मग हे नाव कसे पडले? त्याची हकीकत मोठी गमतीची आहे, आणि ती बहुतेक सारी लोकांच्या परसात घडलेली आहे.

विल्यम हर्शेल हा पेशाने वादक. इंग्लंडमधील बाथ या गावी तो संगीताच्या शिकवण्या करी आणि रात्री घरामागच्या बागेत स्वतः घासलेल्या आरशांच्या दुर्बिणी लावून बसे. १३ मार्च १७८१ रोजी त्याला त्या बागेतून युरेनस हा ग्रह सापडला. त्यानंतर आकाश धुंडाळताना त्याला अशा काही वस्तू आढळल्या की त्या ताऱ्यासारख्या टिंबाएवढ्या दिसत ना, विसकटलेल्या ढगासारख्याही दिसत ना. त्या लहान, गोल, फिकट चकत्या होत्या. नुकत्याच सापडलेल्या आपल्या ग्रहाची त्याला आठवण झाली आणि त्याने हे नाव देऊन टाकले. शाळेत एखाद्या मुलाला पहिल्या दिवशी पडलेले टोपणनाव जसे जन्मभर चिकटते तसेच हे झाले. पुढे १३ नोव्हेंबर १७९० रोजी त्याला एक तारा बरोबर मधोमध आणि भोवती तेजाचे वलय असे दृश्य दिसले. तेव्हा त्याची खात्री पटली की हे वलय म्हणजे दूरच्या ताऱ्यांची दाटी नसून खरोखरीचा काही तेजस्वी पदार्थ आहे. तो पदार्थ कोणता, हे सांगण्याचे साधन मात्र त्याच्यापाशी नव्हते.

ते साधन आले ते वर्णपटाच्या रूपाने. लंडनजवळच्या टल्स हिल येथे विल्यम हगिन्स नावाचे गृहस्थ राहत. घरचा कापडाचा धंदा विकून त्यांनी बंगल्याच्या आवारातच वेधशाळा बांधली होती. २९ ऑगस्ट १८६४ रोजी त्यांनी कालिय तारकासमूहातील अशाच एका चकतीचा प्रकाश लोलकातून पाहिला. सूर्यासारखा सप्तरंगी पट्टा दिसेल अशी अपेक्षा होती, पण दिसली ती हिरवी रेघ! काळोखात ओढलेल्या दोन-तीन चकचकीत रेघांखेरीज तेथे काही नव्हते. असा वर्णपट फक्त विरळ, तप्त वायूच देतो. हर्शेलला पडलेल्या कोड्याचे उत्तर एका रात्रीत मिळाले. या वस्तू वायूच्या आहेत. पण त्यातून दुसरे कोडे उभे राहिले, आणि ते पुढली त्रेसष्ट वर्षे सुटले नाही. ती ठळक हिरवी रेघ पृथ्वीवरच्या कोणत्याही मूलद्रव्याशी जुळेना. अखेर लोकांनी एक नवेच मूलद्रव्य कल्पून त्याला ‘नेब्युलियम’ म्हणावयास सुरुवात केली.

येथवरची गोष्ट इंग्लंडातील झाली. यापुढचा एक महत्त्वाचा दुवा मात्र आपल्या पुण्यात आहे, आणि तो कित्येक पुणेकरांनाही ठाऊक नसेल.

मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात कावसजी दादाभाई नायगमवाला नावाचे एक तरुण पारशी अध्यापक होते. त्यांचा जन्म १८५७ चा. १८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी कॉलेज पाहावयास आले आणि वर्णपटाच्या अभ्यासासाठी त्यांनी पाच हजार रुपयांची देणगी दिली. मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. १८८४ साली नायगमवाला इंग्लंडला गेले. तेथील ज्योतिर्विदांशी विचारविनिमय झाल्यावर नुसत्या प्रयोगशाळेऐवजी ताऱ्यांच्या वर्णपटाचा अभ्यास करणारी एक वेधशाळाच उभारावी असे ठरले. जागा निवडली ती पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सची, म्हणजे ज्याला आपण आज सीओईपी म्हणून ओळखतो त्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची. १८८८ साली तेथे महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा सुरू झाली. डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातील वीस इंची आरशाची दुर्बीण ही तिची मुख्य दौलत. त्या काळी हिंदुस्थानात एवढी मोठी दुर्बीण दुसरी नव्हती.

आता त्या हिरव्या रेघेकडे पुन्हा वळू. इंग्लंडातील नॉर्मन लॉकियर हे त्या काळातील फार वजनदार नाव. ‘नेचर’ या जगप्रसिद्ध नियतकालिकाचे ते संस्थापक व संपादक. सूर्यावरच्या हेलियमला नाव मिळाले तेही त्यांच्याकडून. तारे, धूमकेतू, तेजोमेघ हे सारे उल्कांच्या थव्यांपासून बनतात असा त्यांचा सिद्धान्त होता. उल्कांत मॅग्नेशियम असते. तेव्हा तेजोमेघातील हिरवी रेघ ही मॅग्नेशियमच्याच प्रकाशपट्ट्याची कड आहे असे ते ठामपणे सांगत. हगिन्स यांना ते मान्य नव्हते. दोघेही मोठे, आणि वाद कडाक्याचा.

वाद मिटविण्याची एक सोपी कसोटी होती. प्रकाशपट्टा हा ओल्या कागदावर पडलेल्या शाईच्या ठिपक्यासारखा असतो. त्याची एक कड रेखीव आणि दुसरी बाजू पसरत, फिकट होत गेलेली. मूलद्रव्याची खरी रेघ टोकदार टाकाने ओढलेल्या रेषेसारखी दोन्ही बाजूंनी स्वच्छ. म्हणजे काय करावयाचे? ती हिरवी रेघ फाकवून, ताणून, निरनिराळ्या परिस्थितीत पुन्हा पुन्हा पाहावयाची. ती कधी एका बाजूला पसरते का? नायगमवाला यांनी मृग नक्षत्रातील मोठ्या तेजोमेघावर हे काम केले. मृगातला तेजोमेघ हा ताऱ्यांच्या जन्माचा आणि स्वरमंडलातील कडी ही ताऱ्याच्या अंताची, पण हिरवी रेघ दोघांत तीच. १८९१ साली लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. कोणत्याही परिस्थितीत पाहिली तरी ही रेघ रेखीवच राहते, असा त्यांचा निष्कर्ष होता. अमेरिकेत लिक वेधशाळेच्या छत्तीस इंची दुर्बिणीवर कीलर यांनी त्याच सुमारास रेघेची जागा मोजली. तीही मॅग्नेशियमशी जुळत नव्हती. लॉकियर यांचे म्हणणे टिकले नाही.

१८९१ साल ध्यानात घ्या. राज्य इंग्रजांचे, शास्त्र इंग्रजांचे, मासिकही इंग्रजांचे. अशा वेळी पुण्यातल्या एका कॉलेजच्या आवारातून एक देशी अध्यापक, आवाज न चढवता, केवळ ‘मी पाहिले ते असे आहे’ एवढेच लिहितो आणि ते ग्राह्य धरले जाते! आपल्या इतिहासाच्या क्रमिक पुस्तकांत लढाया व तह यांना जागा असते. मला वाटते, एखाद्या ओळीपुरती जागा या रेघेलाही असावी.

हे सारे डोळ्यांनी पाहून झाले. फोटोग्राफीचे प्रकरण याच्या जोडीनेच चालू होते, आणि तेही परसातच. अमेरिकेतील डॉक्टर हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी मृगातील तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले. काच एक्कावन्न मिनिटे उघडी ठेवावी लागली. लंडनजवळच्या ईलिंग येथे अँड्र्यू कॉमन नावाचे सांडपाण्याच्या कामाचे एक इंजिनिअर राहत. त्यांनी आपल्या बागेत छत्तीस इंची आरसा उभारून १८८३ साली त्याच तेजोमेघाचे असे छायाचित्र काढले की डोळ्यांना दुर्बिणीतूनही न दिसणारे तपशील त्यात उमटले. आणि १ सप्टेंबर १८८६ रोजी हंगेरीतील हेरेन्य या गावी, ओयगेन फॉन गोथार्ड या जमीनदाराने आपल्या वाड्यातील दहा इंची दुर्बिणीतून आपल्या या कडीचे छायाचित्र घेतले. काच धुऊन पाहतात तो काय, कडीच्या बरोबर मध्यावर एक तारा! डोळ्यांनी पाहताना तो फार अंधुक, जवळजवळ नसल्यासारखाच. काचेवर मात्र ठळक. कारण तो तारा लाख अंशांहून अधिक तप्त आहे. त्याचा बराचसा प्रकाश निळा व निळ्याच्याही पलीकडचा आहे आणि त्या वेळच्या काचांना निळ्या प्रकाशाचीच ओढ अधिक. ज्याने वस्त्र टाकले तो मालक असा सापडला.

त्या काळी छायाचित्राला इतका वेळ का लागे, हे समजून घेण्याजोगे आहे. काचेवर चांदीच्या क्षाराचे बारीक कण असतात. एका कणावर प्रकाशाचे काही थेंब लागोपाठ पडले तरच तो पक्का होतो. थेंब फार सावकाश आले तर पहिला पडलेला थेंब कण विसरून जातो. पाढे शिकवणाऱ्या मास्तरांना हे चटकन समजेल. रोज म्हणून घेतला तर पाढा पाठ होतो, आठवड्यातून एकदा विचारला तर दर वेळी पहिल्यापासून सुरुवात. म्हणून अंधुक वस्तूंसाठी काच तासन् तास उघडी ठेवावी लागे. तेवढा वेळ पृथ्वी थांबत नाही. दुर्बीण वजनाच्या घड्याळी यंत्राने ताऱ्यामागे फिरवावयाची, आणि यंत्र चुकले तर डोळा लावून बसलेल्या माणसाने हाताने सावरावयाचे. शेवटच्या पाच मिनिटांत ढग आला किंवा धक्का लागला की सारी रात्र फुकट.

घाईची छायाचित्रे घ्यावी लागत ती फक्त ग्रहणात, आणि त्याची एक मोठी कथा आमच्या भागातली आहे.

२२ जानेवारी १८९८, शनिवार, पौषी अमावास्या. त्या दिवशी भर दुपारी खग्रास सूर्यग्रहण झाले. चंद्राची सावली अरबी समुद्रावरून कोकणात उतरली ती थेट विजयदुर्गावर. तेथून घाट चढून ती ईशान्येकडे सोलापूर जिल्ह्यातील जेऊर गावावर आली आणि पुढे विदर्भाकडे गेली. नकाशावर विजयदुर्ग व जेऊर यांना पट्टीने जोडणारी रेघ ओढा. ती आमच्या इंदापूर तालुक्याच्या दक्षिण अंगावरून जाते. शेळगाव हे बारामती-इंदापूर रस्त्यावरचे गाव. येथून जेऊर भीमेपलीकडे, पुणे-सोलापूर लोहमार्गावर भिगवणच्या पुढे. आज मध्ये उजनीचे पाणी पसरले आहे. त्या काळी ते नव्हते.

विजयदुर्गावर त्या दिवशी कोण उभे होते? स्वतः नॉर्मन लॉकियर, आरमारी खलाश्यांना हाताशी धरून. गडावर आजही ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि १८६८ साली साहेबाने येथेच हेलियम शोधला असेही सांगतात. ते खरे नव्हे. १८६८ च्या ग्रहणात लॉकियर इंग्लंडातच होते, आणि त्या वर्षी त्यांनी सूर्याच्या कडेचा वर्णपट घेतला तोही ग्रहणाशिवाय, घरी बसून. १८६८ च्या ग्रहणासाठी आपल्या बाजूला आला होता तो लेफ्टनंट जॉन हर्शेल, त्या बाथच्या वादकाचा नातू. त्याने पटवर्धनांच्या जमखंडीत मुक्काम ठोकला होता. विजयदुर्गाचे ओटे आहेत ते १८९८ चे.

आणि जेऊरला कोण होते? कावसजी नायगमवाला, पुण्याची यंत्रसामग्री व मदतनीस घेऊन. शेजारीच लिक वेधशाळेचे कॅम्बेल आपल्या चाळीस फूट लांबीच्या कॅमेऱ्यासह उतरले होते. म्हणजे सात वर्षांपूर्वी ज्यांचा एका हिरव्या रेघेवरून मतभेद झाला होता ते दोघे एकाच सावलीची वाट पाहत होते. एक समुद्रकाठच्या किल्ल्यावर, दुसरा माणदेशाच्या पलीकडच्या उजाड माळावर. ती सावली लॉकियर यांच्या डोक्यावरून निघून काही मिनिटांतच नायगमवाला यांच्या डोक्यावर आली. पुणे त्या काळात प्लेगने गांजलेले होते. आदल्याच वर्षी रँडचा वध झाला होता. अशा दिवसांत एका माणसाने काचा, लोलक, आरसे आगगाडीत घालून माळरानावर नेले, ते जेमतेम दोन मिनिटांच्या अंधारासाठी. त्या दोन मिनिटांत सूर्याच्या कडेचे व प्रभेचे वर्णपट काचांवर उतरवून घेतले गेले. त्यांचा विस्तृत अहवाल १९०२ साली वेधशाळेच्या प्रकाशनमालेचा पहिला खंड म्हणून निघाला.

याच काळात पुण्यात आणखी एक आकाशवेडा माणूस होता, आणि त्याच्याविषयी माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या मास्तराला विशेष जिव्हाळा वाटतो. शंकर बाळकृष्ण दीक्षित हेही मॅट्रिकपर्यंत शिकलेले आणि पेशाने शाळामास्तरच. १८९६ साली त्यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास प्रसिद्ध झाला. तो आजही अभ्यासक उघडतात. सामान्य वाचकांसाठी त्यांनी ‘ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज’ हे पुस्तक लिहिले. नाव किती सार्थ! आकाश हे घरच्या माणसांनी जेवणानंतर दोन घटका पाहावे अशी वस्तू आहे, हे त्यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मराठीत सांगून ठेवले. दीक्षित १८९८ सालीच, ग्रहणानंतर काही महिन्यांत, वारले.

नायगमवाला यांचे पुढे काय झाले? ते १९१२ साली निवृत्त झाले, आणि त्याच वर्षी वेधशाळा बंद झाली. त्यांच्यामागे ती चालवणारा कोणी तयार नव्हता. दुर्बीण खोक्यांत भरून दक्षिणेत कोडाईकॅनालच्या सरकारी वेधशाळेत रवाना झाली. तेथे तिला ‘भावनगर दुर्बीण’ असे नाव पडले. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आकाश तपासण्यासाठी ती पार लडाखमधील लेहपर्यंत जाऊन आली. आरसा होता, पैसा मिळाला होता, नाव झाले होते. नव्हता तो दुसरा माणूस. या एका वाक्यात त्या वेधशाळेची सारी शोकांतिका आहे. चोवीस वर्षांत एकही शागीर्द मागे राहू नये, याचा दोष मी त्यांना देत नाही. कॉलेजला इंजिनिअर हवे होते, सरकारला हिशेब हवा होता. आकाशाकडे पाहणारे कोणाच्याच यादीत नव्हते.

हिरव्या रेघेचा उलगडा १९२७ साली अमेरिकेत आयरा बोवेन यांनी केला. नेब्युलियम नावाचे द्रव्य नाहीच. ती रेघ आपल्या साध्या प्राणवायूची! दोन इलेक्ट्रॉन गमावलेला प्राणवायू, इतक्या विरळ जागी की एका अणूला दुसऱ्याचा धक्का लागण्यास फार वेळ लागतो, तेव्हा सावकाश हा प्रकाश सोडतो. इतकी विरळ पोकळी त्या वेळच्या प्रयोगशाळांत साधत नव्हती, म्हणून ती रेघ पृथ्वीवर कोणाला दिसली नव्हती. नायगमवाला १९३८ साली वारले. म्हणजे आपण ज्या रेघेवर रात्री घालवल्या ती आपल्याच श्वासातल्या वायूची होती, हे कळले तेव्हा ते हयात होते.

पुण्यातला धागा मात्र तुटून गेला नाही. २२ ऑगस्ट १९४४ रोजी तेथे हौशी मंडळींची ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. १८८८ नंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९८८ साली, त्याच शहरात डॉ. जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली आयुका ही संस्था निघाली. २००६ साली तिची दोन मीटर आरशाची दुर्बीण जुन्नरजवळच्या गिरवलीच्या डोंगरावर सुरू झाली. आणि परसाचे म्हणाल तर परसही पुन्हा गजबजू लागले आहे. कारण आता अंधुक तेजोमेघाचे छायाचित्र घेण्यास काच तासभर उघडी ठेवावी लागत नाही. चार-चार सेकंदांची पुष्कळ छायाचित्रे पुरतात.

हे कसे? माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात नोकरी करतो. दिवाळीत गावी येताना तो सहा इंची आरशाची दुर्बीण आणि काडेपेटीपेक्षा थोडा मोठा कॅमेरा घेऊन येतो. आमच्या परसात शेवग्याच्या झाडापलीकडे फरशीवर ती मांडतो. पूर्वी प्रश्न कणाच्या विसराळूपणाचा होता. हल्लीच्या कॅमेऱ्यातील चकती विसराळू नाही. तिच्यावर पडलेला प्रकाशाचा जवळजवळ प्रत्येक थेंब ती मोजून ठेवते. अडचण होती ती निराळीच. चकतीवरची मोजणी बाहेर काढताना दर वेळी थोडी चुकभूल मिसळे. जणू प्रत्येक खेपेला नाक्यावर जकात द्यावी लागे. जकात जबर असली की शहाणा व्यापारी एकच मोठी गाडी भरून नेतो. त्यामुळे तेव्हाही मोठ्या मुदतीची छायाचित्रेच परवडत. आता ती जकात नाममात्र झाली आहे. मग डोक्यावरून पाटीपाटीने माल नेला तरी तोटा नाही.

आता हिशेब पाहा. चार सेकंदांचे एक, अशी नऊशे छायाचित्रे घेतली की छत्तीसशे सेकंद, म्हणजे एक तास होतो. एकट्या छायाचित्रात कडी जेमतेम जाणवते, बाकी सारी रवाळ खळबळ. परंतु नऊशे छायाचित्रे संगणकाने ताऱ्यावर तारा ठेवून एकमेकांवर रचली की कडीचा प्रकाश नऊशेपट होतो आणि खळबळ मात्र नऊशेच्या वर्गमुळाने, म्हणजे तीसपटच वाढते. कारण खळबळ कधी अधिक असते कधी उणी, ती आपसांतच बरीचशी फिटते. अशा रीतीने चित्र तीसपट स्वच्छ होते. वर्गमूळ शिकताना ‘याचा उपयोग काय, गुरुजी?’ असे विचारणाऱ्या मुलांना मी हल्ली ही कडी दाखवतो.

लहान मुदतीचे आणखी दोन फायदे. पृथ्वीच्या फिरण्याने चार सेकंदांत तारा सुमारे एक कला सरकतो, म्हणजे जवळजवळ कडीच्या रुंदीइतका. तेव्हा दुर्बीण फिरवणारे यंत्र हवेच. पण ते चार सेकंद बिनचूक चालले की पुरे, रात्रभर अचूक राहावे अशी सक्ती नाही. दुसरे, हवा सारखी हलत असते. दिवसभर तापलेल्या पत्र्यांवरून, उसाच्या फडांवरून, कालव्याच्या पाण्यावरून येणाऱ्या झुळुका तारे थरथरवतात. नऊशेंपैकी ज्या क्षणी हवा निवांत होती ती छायाचित्रे ठेवावयाची आणि वाऱ्याने हललेली, कुत्र्याच्या धावपळीने धक्का लागलेली टाकून द्यावयाची. एक वाया गेले तर चार सेकंद गेले, गोथार्डसारखी रात्र जात नाही. हे सारे या कड्यांच्या बाबतीत विशेष साधते, कारण त्या लहान असल्या तरी त्यांचा प्रकाश थोड्या जागेत एकवटलेला असतो. पसरट तेजोमेघांना इतक्या थोडक्यात भागत नाही.

रात्री साडेनऊच्या सुमारास चित्र पडद्यावर तयार होते. कडीच्या आत निळसर हिरवा रंग, बाहेर तांबूस कडा, मध्ये एक बारीक ठिपका. तो हिरवा रंग म्हणजे हगिन्स यांनी पाहिलेली, नायगमवाला यांनी तपासलेली तीच रेघ. तो ठिपका म्हणजे गोथार्डच्या काचेवर उमटलेला तोच तारा. आवाळीभोवतालच्या बायका करंज्यांची ताटे घेऊन येतात, चित्र पाहतात, ‘बांगडीच की हो ही!’ म्हणतात. त्यांना प्राणवायूची गोष्ट सांगितली की एखादी आजी दीर्घ श्वास घेऊन पाहते. याहून चांगली दाद मी शास्त्राला मिळालेली पाहिली नाही.

या कामात नवा शोध लागेल अशी आशा कोणी धरलेली नाही. पण १९१२ साली पुण्यात जे उणे पडले ते मला शाळेत राहून राहून आठवते. म्हणून आम्ही एक वही घातली आहे, साधी दोनशे पानी. दुर्बीण लावली त्या प्रत्येक रात्रीची त्यात नोंद असते: तारीख, वस्तू, किती सेकंद, किती छायाचित्रे, किती टाकून दिली, दव केव्हा पडू लागले. नोंद मुलांनीच करावयाची. आणि मागच्या बाजूची पाने राखून ठेवली आहेत. दहावी होऊन शाळा सोडणाऱ्या मुलांनी त्यांत खालच्या वर्गातल्या मुलांसाठी सूचना लिहून जावे असा नियम आहे. पहिली सूचना सातवीतून आठवीत गेलेल्या एका मुलीने नियम मोडून आधीच लिहिली आहे: ‘आरशाला हात लावू नये. दिसले नाही तर घाई करू नये, पुन्हा चार सेकंद थांबावे.’